आरन्मुळ्याची वळ्ळसद्या : गाऊन मागायचं आणि पोटभर जेवायचं

मी पंगतीत वाढणारा माणूस. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला ओगराळं हातात घेतो, ते शेवटची पंगत उठेपर्यंत खाली ठेवत नाही. त्यामुळे केरळात आरन्मुळ्याला वळ्ळसद्येला, म्हणजे होडीच्या मेजवानीला, जेवायला बसलो तेव्हा चवीच्या आधी लक्ष गेलं वाढप्यांकडे. असं वाढप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पत्तनंतिट्टा जिल्ह्यात पंपा नदीच्या काठावर पार्थसारथीचं देऊळ आहे. आसपासच्या प्रत्येक गावाची स्वतःची लांबलचक होडी, तिला पळ्ळियोडम म्हणतात. नवस बोललेला यजमान अशा एखाद्या होडीला जेवायला बोलावतो. होडीत साक्षात भगवंत असतो ही तिथली श्रद्धा, म्हणून वल्हेकऱ्यांना वाढलेलं पान देवालाच पोचतं. ध्वजस्तंभापुढे टरफलासकट भाताने, म्हणजे साळीने, भरलेली मापं मांडून ठेवतात, होडी घाटाला लागली की यजमान वाजतगाजत सामोरा जातो, सगळे गात गात प्रदक्षिणा घालतात आणि मग पानावर बसतात.

पदार्थ ६४ मोजतात. भात, तूप-परिप्पू (डाळ), सांबार, अवियल आणि एरिशेरी या नारळ घातलेल्या भाज्या, आल्याची इंजिकरी, केळ्याचे काप, तऱ्हेतऱ्हेची पायसं. मला सगळ्यांत आवडलं ते काळन, आंबट दह्यात सुरण आणि कच्चं केळं, वर मिरीचा झणका. ओलनही सुरेख, कोहळा आणि चवळी नारळाच्या दुधात, मसाला जवळजवळ नाहीच. पायसं मात्र एकामागून एक येतात, तेव्हा भाताला जरा आवरतं घ्या.

पण या जेवणाचा जीव गाण्यात आहे. बरेच पदार्थ नुसते बसून राहिलात तर पानात येतच नाहीत, ते वंचिप्पाट्टुमध्ये, म्हणजे वल्हवताना म्हणायच्या गाण्यांत, मागायचे असतात. एकजण ओळ उचलतो, बाकीचे झेलतात, ओळीत पदार्थाचं नाव येतं आणि वाढपी धावतो. माझ्या समोरच्या रांगेत एक म्हातारे वल्हेकरी होते. उजवा हात भातात, डाव्या हाताने मांडीवर ठेका, डोळे मिटलेले. त्यांनी दह्याची ओळ उचलली तशी सगळी रांग उसळली. चेनप्पाडी गावच्या दह्याचं हे गाणं. पोफळीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद देठात, ठेवलेलं ते दही अष्टमीरोहिणीला, म्हणजे कृष्णजन्माला, त्या गावाहून मिरवत आणतात. ओळ संपायच्या आत वाढपी त्यांच्या पानाशी ओणवा झालेला!

आमच्याकडेही पंगतीत श्लोक म्हणतात, आग्रह तर विचारू नका. पण आमच्याकडे आग्रह करतो तो वाढणारा. इथे जेवणारा हक्काने मागतो आणि यजमानाला नाही म्हणायची सोय नाही, कारण मागणारा देव आहे. वाढप्याच्या चेहऱ्यावर त्यामुळे दडपणही दिसतं आणि आनंदही. मागितलेली वस्तू पानात पडली की तो जो श्वास सोडतो, तो मला चांगला ओळखीचा आहे.

जेवण झाल्यावर उठून चालू लागू नका. आम्हाला घेऊन गेलेल्या टूरवाल्यांनी तासाभरात आटपायची घाई केली होती, ती मी ऐकली नाही म्हणून पुढचं बघायला मिळालं. होडीचा नायक ध्वजस्तंभापाशी येऊन मापातली साळ उधळतो, यजमानाला आशीर्वाद देतो आणि मंडळी पुन्हा गात होडीत बसतात.

हंगाम साधारण जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. एरवी जेवण यजमानाच्या निमंत्रितांचं असतं, तेव्हा आधी चौकशी करून जा. अष्टमीरोहिणीला सगळ्यांसाठी पान मांडतात, पण गर्दी अफाट असते. जवळचं रेल्वे स्टेशन चेंगन्नूर. पुरुषांनी धोतर किंवा मुंडू न्यावं, देवळात सदरा काढावा लागतो. आणि शक्य असेल तर वल्हेकऱ्यांच्या रांगेसमोरची जागा धरा.