मे महिन्याची सुट्टी: लायब्ररी लावावी, पुस्तकं घ्यावीत की मोबाइलवर वाचू द्यावं?

सुट्टी लागली की पालक विचारतात, मुलांना कोणतं पुस्तक देऊ? त्याआधी पुस्तक घरात कुठून येणार, हे ठरवायला हवं. मुलाला स्वतः निवडायला मिळणार की नाही, हे त्यावर ठरतं. आणि सुट्टीत मुलं मनापासून वाचतात ती त्यांनी स्वतः उचललेली पुस्तकं.

मूल आठ-नऊ वर्षांचं असेल, सलग वाचत असेल, तर मी लायब्ररीच लावा म्हणेन. ठाण्यात 1893 पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. ते लांब पडत असेल तर आपल्या भागात एखादं छोटं वाचनालय आहे का, ते बघा. लायब्ररीत पैसे वाचतात हे खरंच, पण त्याहून मोठी सोय म्हणजे पुस्तक अर्धवट सोडता येतं. विकत आणलेलं पुस्तक मुलानं दहाव्या पानावर टाकलं की "एवढे पैसे घालून आणलं" हे आपल्या तोंडून निघतंच. लायब्ररीचं आवडलं नाही तर उद्या बदलायचं.

मुलाला एकदा कपाटापाशी मोकळं सोडून बघा. मुखपृष्ठ बघेल, मधलंच एखादं पान उघडेल, अक्षर बारीक दिसलं की लगेच परत ठेवेल, आणि चित्र आवडलं तर तिथेच फरशीवर बसकण मारेल. म्हणून वर्गणी भरण्याआधी बालविभाग मुक्तद्वार आहे का, म्हणजे मुलांना स्वतः कपाटातून पुस्तक काढता येतं का, हे नक्की विचारा. काउंटरवर नाव सांगून पुस्तक मागायचं असेल तर बरीच मुलं गप्प उभी राहतात आणि निवड आपणच करून टाकतो. अनामत किती, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, दुपारी बंद असतं का, हेही विचारून घ्या.

अडचण आहे ती अंतराची. कासारवडवलीसारख्या ठाण्याच्या लांबच्या भागातून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून भर उन्हात ठाणे स्टेशनकडच्या लायब्ररीत दर दोन-तीन दिवसांनी कोण येणार? अशांनी थोडी पुस्तकं विकत घ्यावीत आणि सोसायटीतल्या चार-पाच घरांशी अदलाबदल करावी.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र घर लायब्ररीशेजारी असलं तरी पुस्तकं विकतच घ्या. या वयात तीच गोष्ट रोज रात्री "परत वाच" म्हणून मागितली जाते, आणि नेमकी तेव्हाच लायब्ररीची मुदत संपते. पानंही फाटतात, ती फाटू द्यावीत. नॅशनल बुक ट्रस्टची पातळ चित्रपुस्तकं मराठीत मिळतात आणि खिशाला जड जात नाहीत.

मोबाइल मी शेवटी ठेवते, कारण गोष्ट वाचता वाचता बोट व्हिडिओकडे कधी गेलं ते कळत नाही. पण एका गटाला त्याचा खरंच उपयोग आहे: मराठी घरातली, इंग्रजी माध्यमात शिकणारी मुलं. बोलतात फडाफडा, पण वाचताना जोडाक्षर आलं की थांबतात. वयाला साजेशी मराठी कादंबरी त्यांना जड जाते आणि सोप्या पुस्तकातली गोष्ट बाळबोध वाटते. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, मोफत आहेत, आणि बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे सापडतात. आधी इंग्रजीतून वाचून मग तीच मराठीतून घेतली की अर्थासाठी अडायला होत नाही. डाउनलोड करून छापता येतात, तेव्हा शक्यतो कागदावरच द्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 साली सुरू झालं. त्याचे जुने अंकही बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यातली छोटी कोडी आणि कविता अशा मुलांना पेलतात.

या मुलांबरोबर एक पान तुम्ही वाचा, एक पान त्यांना वाचू द्या. 'प्रश्न' किंवा 'वाङ्मय' अशा शब्दावर अडखळलं तर तो शब्द सांगून टाका आणि पुढे चला. तिथेच थांबवून पाच वेळा म्हणायला लावू नका. त्या वेळी त्याला पुढे काय झालं, तेच हवं असतं.