फिटनेस घड्याळ : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

साडेसात हजार रुपयांना घेतलेले हे घड्याळ चौदा महिने माझ्या मनगटावर आहे. पावले, हृदयाचे ठोके आणि झोप यांची मोजणी मला विश्वासार्ह वाटली, बॅटरी सहा दिवस टिकते आणि तळजाई टेकडीवरच्या पावसात वारंवार भिजूनही त्यात बिघाड झालेला नाही. माझा आक्षेप आहे तो सलग दिवसांच्या मोजणीला. रोजचे उद्दिष्ट पूर्ण झाले की आकडा एकाने वाढतो, मात्र एक दिवस खाडा पडला की तो थेट शून्यावर येतो आणि आजारपण किंवा विश्रांतीचा दिवस नोंदवण्याची सोय त्यात कुठेही नाही.

आकडा दोनशेच्या पुढे गेल्यावर अंगात ताप असतानाही मी रात्री साडेदहाला गॅलरीत येरझाऱ्या घालून उरलेली पावले पूर्ण केली. पुढे नडगी दुखत असूनही धावत राहिलो, हाडाला बारीक तडा गेला आणि डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद करायला सांगितले. त्या दिवसांत झोप उडाली, घरच्यांवर विनाकारण चिडू लागलो. "अहो, दारू सोडलेल्या माणसासारखे वागताय तुम्ही," असे पत्नी म्हणाली, तेव्हा प्रथमच मी याकडे व्यसन म्हणून पाहिले.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013च्या वर्गीकरणात व्यायामाचे व्यसन हा स्वतंत्र विकार मानलेला नाही, तरीही हा प्रश्न जुना आहे. बेकलँड या संशोधकाला 1970च्या सुमारास व्यायाम थांबवल्याचा झोपेवर होणारा परिणाम तपासायचा होता, पण जवळजवळ रोज व्यायाम करणारे लोक पैसे देऊ केले तरी महिनाभर थांबायला तयार होईनात आणि अखेर त्याला आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर काम भागवावे लागले. व्यायाम किती करतो यापेक्षा तो थांबवता येतो का आणि दुखापत झाली असतानाही चालूच राहतो का, हे पाहणे मला म्हणूनच अधिक महत्त्वाचे वाटते.

घड्याळात आधीपासून ठरवलेले 10,000 पावलांचे उद्दिष्टही तपासून घ्यावे, कारण हा आकडा 1960च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. हिशेब आठवड्याचा असल्यामुळे त्यात दोन दिवसांची विश्रांती सहज बसते, आणि घड्याळाने नेमका हाच हिशेब ठेवायला हवा होता.

नुकतीच चालण्याची सवय लावणाऱ्यांना मी हे घड्याळ जरूर सुचवेन. रोज धावणाऱ्यांनी मात्र ते घेतल्यास सलग दिवसांची मोजणी आणि संध्याकाळी उद्दिष्टाची आठवण करून देणाऱ्या सूचना आधी बंद कराव्यात. दोन्ही पर्याय मोबाइलमधल्या ॲपच्या सूचना विभागात बरेच खाली आहेत, आणि मला ते सापडले ते पाय प्लास्टरमध्ये असताना.