ठिगळांचा हत्ती की चकाकणारा मासा?

मैत्री आणि स्वतःचा स्वीकार या विषयावर मुलांना एकच चित्रपुस्तक वाचून दाखवायचे असेल, तर डेव्हिड मॅकी यांचे ‘एल्मर’ (१९६८) आणि मार्कुस फिस्टर यांचे ‘द रेनबो फिश’ (१९९२) यांपैकी मी पहिले निवडेन. रंगीबेरंगी ठिगळांचा एल्मर इतरांसारखे दिसावे म्हणून फळांवर लोळून करडा होतो. पण त्याच्या थट्टामस्करीविना कळप गंभीर, गप्प राहतो, आणि पावसाने तो रंग धुऊन निघाल्यावर सगळे हत्ती त्याच्या वेगळेपणाचाच उत्सव ठरवतात. येथे मैत्रीसाठी काही गमवावे लागत नाही.

माशाची गोष्ट उलट्या दिशेने जाते: चकाकते खवले एकेक करून वाटल्यावरच त्याला मित्र मिळतात आणि अखेरीस स्वतःकडे एकच खवला उरतो. तो आधी गर्विष्ठ असतो हे मान्य. तरी आपल्या अंगाचा भाग देऊन मैत्री मिळवायची का, असा प्रश्न एखादे चुणचुणीत मूल विचारेलच, आणि पुस्तकात त्याचे उत्तर नाही. त्याची चमचमती छपाई मात्र मुलांना मोहात पाडते, आणि खेळणी वाटून घेण्याविषयी बोलायचे असल्यास हेच पुस्तक अधिक उपयोगी पडते.