बीजिंग एका दिवसात: निषिद्ध नगर आणि हुतोंग

निषिद्ध नगराचं, म्हणजे चिनी सम्राटांच्या जुन्या राजवाड्याचं, तिकीट पासपोर्ट क्रमांकावर ऑनलाइन, सात दिवस आधीपासून मिळतं; एप्रिल ते ऑक्टोबर 60 युआन, एरवी 40. सोमवारी बंद. मूळ पासपोर्ट हवाच. प्रवेश दक्षिणेच्या वूमन दरवाजातूनच. टॅक्सीने उत्तरेला उतरलात तर मोठा वळसा पडतो.

बहुतेक जण मधून सरळ चालत सुटतात आणि पूर्वेकडचं खजिना दालन, नऊ ड्रॅगनची भिंत हुकते. वेगळे 10 युआन जरूर मोजा. भिंतीवरच्या पांढऱ्या ड्रॅगनच्या पोटाचा एक तुकडा लाकडाचा आहे म्हणतात, निरखून पाहा.

उत्तरेला बाहेर पडून जिंगशान टेकडी चढा. पिवळ्या छपरांचा असा देखावा दुसरीकडून नाही.

हुतोंगांत, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांत, नानलुओगूश्यांग या प्रसिद्ध गल्लीची गर्दी टाळून बाजूच्या बोळांत शिरा. जुन्या दारांपाशी गोल दगडी ढोल बहुधा लष्करी अधिकाऱ्याच्या घराची खूण, चौकोनी दगड मुलकी अधिकाऱ्याच्या. दारं न्याहाळा, पण आत डोकावू नका. तिथे लोक राहतात.