शेवगा, समुद्री शेवाळ आणि ट्रायकॉन्टेनॉल : टोमॅटो-कांद्याच्या हंगामानंतरचा अनुभव

निफाड तालुक्यात गोदाकाठच्या काळ्या जमिनीत आमचा टोमॅटो आणि उन्हाळ कांदा असतो. गेल्या ऑगस्टात टोमॅटो लावला तेव्हापासून कांदा साठवणीच्या चाळीत जाऊन पावसाळा लागेपर्यंत पिकाच्या वाढीसाठी तीन फवारण्या वापरून पाहिल्या: घरी काढलेला शेवग्याच्या पानांचा अर्क, समुद्री शेवाळाचा बाटलीतला अर्क आणि ट्रायकॉन्टेनॉल. प्रत्येक वेळी काही सऱ्या आणि काही वाफे कोरे ठेवले, त्यांच्यावर तेवढंच साधं पाणी मारलं. तुलनेला कोरा भाग नसता तर मी हे लिहिलंच नसतं. थंडी वेळेवर पडली आणि पाऊस आडवा आला नाही की गावात ज्याने जे मारलं त्याला त्याचाच गुण वाटतो.

द्राक्षवाल्यांना वाढीच्या संप्रेरकांचा हा विषय नवा नाही. थॉमसन जातीच्या द्राक्षमण्याला बाजारात चालणारा आकार जीएच्या, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिडच्या जोरावर येतो. ते सापडलं भाताच्या रोगातून. रोप उंच, फिकट होऊन कोलमडायचं. हे एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे होतं असं कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये दाखवलं. झाडं स्वतःही तसलीच द्रव्यं बनवतात हे नंतर कळलं. सांगायचं एवढंच की ही खतं नाहीत. नत्र-स्फुरद-पालाश झाडाचं पोट भरतात, ही द्रव्यं झाडाला काय वाढवायचं आणि कधी थांबायचं ते सांगतात. मात्रा अगदी बारीक असते, म्हणून वेळ चुकली तर नुकसानही तितक्याच सहज होतं.

ट्रायकॉन्टेनॉल टोमॅटोवर वापरलं. याची गोष्ट आपल्या गोठ्याजवळची आहे. जनावरांना आपण जो लसूणघास टाकतो, तो वाळवून, बारीक करून पिकाजवळ मातीत घातला तर टोमॅटोसारखी पिकं जास्त वाढतात, हे अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांच्या लक्षात आलं. त्यातून काम करणारा घटक वेगळा काढला तो हा, तीस कार्बनचा मेणचट अल्कोहोल. १९७७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मधमाशीच्या मेणात आणि भाताच्या कोंड्याच्या मेणातही तो असतो. पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कंपनीने तो कसा मिसळवला आहे यावरच सगळं अवलंबून राहतं. जगभरच्या चाचण्यांत त्याचे निकाल एकसारखे आले नाहीत, त्याचं एक कारण हेच.

माझ्याकडे पहिल्या फवारणीनंतर कोऱ्या सऱ्यांत आणि फवारलेल्या सऱ्यांत काडीचा फरक नव्हता. दुसरी फुलं लागताना केली, तेव्हा पानांचा रंग गडद झाला आणि वरच्या गुच्छांत फूलगळ थोडी कमी वाटली. पिंपळगावच्या बाजारात माल न्यायला लागलो तेव्हा पहिल्या तोड्यांत दोन्हीकडचं वजन सारखंच होतं. शेवटच्या तोड्यांत फवारलेल्या सऱ्या पुढे राहिल्या, कारण त्यांची पानं उशिरा पिवळी पडली. खर्च निघाला, वर फार उरलं नाही. पांढऱ्या माशीने आणलेल्या व्हायरसवर याचा शून्य उपयोग. पान गोळा झालेलं झाड होतं तसंच राहिलं. दुकानात कोणी व्हायरसवर हे चालतं म्हणालं तर पुढे ऐकू नका.

खरा जीव रमला तो शेवग्यात. बांधावर दोन झाडं आहेत, शेंगांपलीकडे त्यांचा काही विचार कधी केला नव्हता. शेवग्याच्या कोवळ्या पानांत झिएटीन भरपूर असतं. हे सायटोकायनिन जातीचं संप्रेरक, पहिल्यांदा मक्याच्या कोवळ्या दाण्यात सापडलं. पेशी विभागायला लावतं आणि पान म्हातारं होऊ देत नाही. कृती सोपी, पण काम चिकट. शेंड्याकडची पोपटी पानं घ्यायची, काड्या काढून टाकायच्या, थोडं पाणी घालून मिक्सरमधून किंवा पाट्यावरून काढायची आणि पिळायची. पहिल्यांदा आईने जुन्या सुती साडीतून गाळून दिलं. रस गर्द हिरवा, वर बोटभर फेस, वास कच्च्या मुळ्यासारखा तिखट. एकदा गाळून भागत नाही. तळाशी पिठासारखा गाळ बसतो आणि तो पंपाच्या नोझलमध्ये अडकतो. फवारताना धार अचानक तुटली की समजायचं, कापड जाड हवं. रसाच्या तीसपट पाणी हे प्रमाण सगळीकडे सांगतात, मीही तेच धरलं. रस काढला की त्याच दिवशी संपवायचा. रात्रभर ठेवला की आंबतो आणि टाकीला घाण वास बसतो.

कांद्याच्या रोपवाटिकेत हा अर्क मारला तिथे फरक डोळ्यांना दिसला. रोप उपटलं की पांढऱ्या मुळ्यांचा झुपका दाट, मान पेन्सिलीएवढी होण्याआधीच पात ताठ. पुनर्लागणीनंतर कोऱ्या वाफ्यांतलं रोप बरेच दिवस माना टाकून होतं, फवारलेलं आधी उभं राहिलं. जानेवारीत निफाडला पारा किती खाली जातो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्या कडाक्यात पातीचे शेंडे पिवळे पडले ते दोन्हीकडे, पण शेवग्याच्या वाफ्यांनी नवी पात लवकर काढली.

कांद्यावर फवारायचं म्हणजे पहिली अडचण पातीचीच. वर मेणाचा थर, त्यात पात उभी. नुसतं पाणी मारलं तर अळवावरच्या पाण्यासारखं घरंगळून जमिनीत जातं. स्टिकर, म्हणजे थेंब पातीला चिकटवणारं द्रव्य, घातल्याशिवाय यातलं काहीही मारू नका, तो पैसा मातीत जातो. वेळ संध्याकाळची, ऊन कलल्यावर थेंब जास्त वेळ ओला राहतो आणि आत शिरायला सवड मिळते. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, म्हणून फवारणीला विहिरीचं पाणी आणायचो.

समुद्री शेवाळाचा अर्क मी संकटासाठी राखून ठेवला. मार्चच्या अवकाळीनंतर पात मोडली, करपा हा बुरशीचा रोग चढायला लागला. आधी बुरशीनाशक मारलं, पात सुकल्यावर काही दिवसांनी शेवाळ. ज्या वाफ्यांना नुसतं बुरशीनाशक मिळालं त्यांच्यापेक्षा यांची उरलेली पात हिरवी राहिली, आणि काढणीला गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, कमी निघाली. माझ्या मते पैसे वसूल झाले ते इथेच. बाटली घेताना शेवाळ कोणतं ते वाचा. थंड अटलांटिकच्या किनाऱ्यावरचं अ‍ॅस्कोफायलम वेगळं, आपल्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावर शेती होते ते कप्पाफायकस वेगळं. बरेच अर्क अल्कलीत काढलेले असतात, म्हणून दुसऱ्या औषधात मिसळण्याआधी काचेच्या बाटलीत दोन्ही थोडं थोडं घालून हलवून बघा. दही झालं की वेगवेगळं मारायचं. फुलकिडे यातल्या कशानेही मरत नाहीत, त्यांचा बंदोबस्त वेगळाच करावा लागतो.

एक तक्रार मात्र मनापासून आहे. एका दुकानातून हर्बल म्हणून घेतलेल्या बाटलीवर घटकांची यादीच नव्हती, नुसतं चित्र आणि दुप्पट उत्पादनाचा दावा. ती मारलेल्या वाफ्यांत पात हातभर लांब झाली आणि कांदा तसाच बारीक राहिला. आत काय होतं कोण जाणे. २०२१ पासून असली जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. तेव्हा बाटलीवर घटक, त्यांचं प्रमाण, बॅच आणि तारीख मागा, पक्कं बिल मागा. कष्टाच्या पैशाला तेवढा हक्क नक्कीच आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, उशिराची फवारणी. कांदा पोसून झाल्यावरही शेवगा मारत राहिलं तर काय होतं हे पाहायला काही वाफे मुद्दाम वेगळे धरले. पात हिरवीगार, बघणारा खूश. पण मान पडेना, म्हणजे कांदा तयार झाल्यावर पात जशी मानेतून आडवी होते तशी होईना. शेजारच्या वाफ्यांत निम्म्याहून जास्त माना पडून काढणी सुरू झाली तरी हे उभेच, आणि मान जाड. पान तरुण ठेवणं हेच त्या द्रव्याचं काम, ते त्याने चोख केलं; कांद्याला मात्र त्या वेळी झोपायचं असतं. हा माल चाळीत वेगळ्या कप्प्यात भरला. पावसाळा लागला तसे पहिले कोंब त्याच कप्प्यात दिसले आणि सडही तिथूनच सुरू झाली. साठवायचा कांदा असेल तर फुगवण सुरू झाल्यावर शेवग्याला हात लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

या हंगामात शेवगा रोपवाटिकेत आणि पुनर्लागणीनंतर एकदा, शेवाळ गारपिटीसाठी घरात, आणि ट्रायकॉन्टेनॉल फक्त टोमॅटोच्या फुलोऱ्यात एवढंच ठेवलं आहे. कोरे वाफे यंदा शेताच्या दोन्ही टोकांना धरणार आहे, कारण पाटाजवळच्या जमिनीचा जोर मुळातच जास्त आहे. बांधावर शेवग्याच्या आणखी फांद्याही लावल्या आहेत.