दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला काय द्यावं: पेज, सत्त्व की पाकीट?

लेकीला आठव्या महिन्यात गायीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी निघाली आणि आमच्या देवगडच्या घरात तीन पक्ष पडले. सासूबाई उकड्या तांदळाच्या पेजेच्या, आई नाचणीच्या सत्त्वाची, नवरा दुकानातल्या तयार बाळखाद्याच्या पाकिटाचा.

पाकिटाची सोय नाकारता येत नाही. त्यात लोह वरून घातलेलं असतं, आणि सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा ओसरू लागतो, म्हणून हा मुद्दा वजनदार आहे. पण पुष्कळ पाकिटांत दुधाची पावडर असते. 'नाचणी' असं ठळक लिहिलेलं बघून आम्ही एक आणलं, आणि दुसऱ्याच चमच्याला ओठांभोवती लाल गांधी उठल्या. मग घटक वाचले, तर 'मिल्क सॉलिड्स'. दूध, अंडं, शेंगदाणा, सोया, मासे असे घटक वेष्टणावर जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा चूक आमचीच. व्हे आणि केसीन हीही दुधाचीच प्रथिनं.

पेज पचायला हलकी, आणि तांदूळ सहसा बाधत नाही. पावसाळ्यात तर ती ताजीच होते, काही वाळवायला नको. पण नुसती निवळ पाजली तर पोट पाण्यानेच भरतं. आम्ही तांदळाच्या कण्या काढून गुरगुट्या शिजवायचो, सोबत मूगडाळ.

माझं मत मात्र नाचणीला. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही, आणि दूध बंद असलेल्या बाळाला हेच हवं असतं. रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवून मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. मोड आल्याने नाचणीतलं लोह अंगी लागायलाही मदत होते. जुलैत मात्र हा उद्योग करू नका. आमची एक खेप पंख्याखाली वाळत घातली होती, तिसऱ्या दिवशी कुबट वास आला आणि सगळी फेकली. एप्रिल-मेमध्येच करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गव्हाचीही ॲलर्जी असेल तर गिरणीत नेऊ नका, आधीच्या दळणाचं पीठ जात्यात असतंच. थंड पाण्यात कालवून, सतत ढवळत सात-आठ मिनिटं शिजवा, नाहीतर गुठळ्या होतात.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "शेळीचं दूध दे गो." नको. शेळी-म्हशीच्या दुधातली प्रथिनं गायीच्या इतकी जवळची आहेत की त्यांनीही बहुधा तसाच त्रास होतो. नारळाचा रस म्हणजे दुधाला पर्याय नव्हे, त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम तुटपुंजं. तो जेवणात चवीपुरता. अंगावरचं दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेला फॉर्म्युला चालूच ठेवायचा, आणि लोहाच्या थेंबांचंही त्यांनाच विचारायचं. तुपातही दुधाचा अंश राहतो, म्हणून आम्ही खाण्याचं खोबरेल घातलं, तेही आठवडाभर पेज सुरळीत गेल्यावर. नवा पदार्थ एकेकच द्या, मध्ये तीन दिवस जाऊ द्या. ओठ सुजले, धाप लागली किंवा उलट्यांनी बाळ मलूल झालं, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

सासूबाईंना पटायला वेळ लागला. चहाचं दूध ढवळलेलीच पळी त्या पेजेत घालायच्या, "एवढ्याशानं काय होतंय?" आता बाळाची पळी लाल दोरा बांधून वेगळ्या खिळ्याला टांगलेली असते, आणि तिला कोणी हात लावला की पहिला ओरडा त्यांचाच.