तेर द'एर्मेस ईडीटी: कित्येक महिन्यांच्या वापरानंतर, आणि एका गळक्या स्प्रेनंतर

एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या तेर द'एर्मेस या परफ्यूमवर सविस्तर लिहायचं केव्हापासून मनात होतं. शेवटी निमित्त झालं पर्समध्ये गळालेल्या रिफिल स्प्रेचं. एर्मेसच्या बाटलीचा त्यात काहीच दोष नाही, हे आधी सांगून टाकते. ती जाड काचेची बाटली पहिल्या दिवसापासून व्यवस्थित आहे, फवारा बारीक आणि सारखा पडतो. माझा राग आहे तो वेगळ्या मागवलेल्या 5 मिलीच्या छोट्या स्प्रेवर. वर धातूचं आवरण, आत काचेची नळी, डोकं फिरवून काढायचं आणि मोठ्या बाटलीतून आत फवारत भरायचं, तो प्रकार. स्प्रेच्या एका दाबाला साधारण 0.1 मिलीच्या आसपास परफ्यूम बाहेर येतो. म्हणजे 5 मिली भरायला पन्नासेक वेळा बटण दाबायचं. एवढं करून भरलेला परफ्यूम पर्सच्या अस्तरात जिरला की जीव किती जळतो, ते ज्याने भरलाय त्यालाच कळेल.

विक्रेत्याने आधी गळतानाचा व्हिडिओ मागितला. पाठवला. मग उत्तर आलं, "मॅडम, स्प्रे उभा ठेवायचा असतो." पर्समध्ये कुठली वस्तू उभी राहते? त्यानंतर म्हणे परफ्यूममध्ये अल्कोहोल जास्त असलं की वॉशर फुगतो आणि ते वॉरंटीत बसत नाही. ईडीटीमध्ये (म्हणजे ओ द त्वालेत, परफ्यूमचा जरा हलका प्रकार) बहुतांश अल्कोहोलच असतं, सुगंधी द्रव्यांचा वाटा साधारण 5 ते 15 टक्के. परफ्यूमसाठी म्हणून विकलेल्या वस्तूला अल्कोहोल सोसत नसेल तर ती विकूच नये. पैसे परत द्या असंही मी म्हटलेलं नाही, निदान बरा वॉशर पाठवा एवढंच मागितलंय. असा स्प्रे घेणार असाल तर परफ्यूम भरण्याआधी त्यात सर्जिकल स्पिरिट भरा, टिश्यूत गुंडाळा आणि रात्रभर आडवा ठेवा. पाणी भरून बघण्यात अर्थ नाही, पाण्याने या वॉशरची परीक्षाच होत नाही. सकाळी टिश्यू कोरडा असेल तरच पुढे जा, आणि आधी नळी उघडी ठेवून पूर्ण वाळू द्या.

तर, स्प्रेत जे काही उरलं होतं ते मी काचेच्या बुचाच्या एका कुपीत ओतलं आणि बोटाने लावायला लागले. आणि इथून हा परफ्यूम मला खऱ्या अर्थाने कळायला लागला.

तोवर मी सगळ्यांसारखी फवारत होते. मानेवर, मनगटांवर, कपड्यांवर. फवाऱ्यात थेंब बारीक होतात, त्वचेच्या मोठ्या भागावर पसरतात, अल्कोहोल झटकन उडतं आणि संत्रं, ग्रेपफ्रूट, मिरी यांचा लोट सोबत वर घेऊन जातं. तेर वापरणाऱ्यांना तो पहिल्या दहा मिनिटांचा संत्र्याचा भडका माहीत आहेच. बोटाने लावला की ओल एकाच जागी राहते आणि हा भडका जवळजवळ होतच नाही. ती गारगोटीसारखी कोरडी, दगडी बाजू, मागून देवदार आणि वाळा, हे सगळं लवकर पुढे येतं आणि अंगाजवळ राहतं. बाटली तीच, द्रव तोच, पण लावायची पद्धत बदलली की वासाचा स्वभाव इतका बदलतो, हे मी ऐकून होते, अनुभवलं नव्हतं.

स्वभावाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं जास्त लिहिते, कारण हा परफ्यूम घेताना मला सगळ्यात जास्त त्रास त्याच विषयाने दिला. परफ्यूम निवडायला निघालं की जागोजागी तेच: तुम्ही बोलके आहात का अबोल, तुम्हाला डोंगर आवडतो का समुद्र, चार प्रश्नांची उत्तरं द्या आणि तुमच्या व्यक्तिमत्त्वाचा परफ्यूम घ्या. बोलक्या माणसाला लिंबूवर्गीय, हळव्याला फुलांचा, गंभीर माणसाला लाकडी. या हिशोबाने तेर माझ्या वाट्याला यायलाच नको होता. मी भरपूर बोलते, पटकन चिडते, हसले तर बाजूच्या खोलीत ऐकू जातं. त्यात मी बाई. हा परफ्यूम 2006 साली पुरुषांसाठी म्हणून आला आणि अजूनही पुरुषांच्याच फळीवर ठेवलेला असतो. ज्याँ-क्लोद एलेना यांनी तो केला, तेव्हा ते एर्मेसचे घरचे परफ्यूमर होते. मोजकी द्रव्यं घेऊन मोकळं, हवेशीर काम करणारा माणूस. यात त्यांनी मस्क, म्हणजे कस्तुरीच्या धाटणीचं द्रव्य, वापरलेलंच नाही. त्यामुळे गोडसर, मऊ, धुतलेल्या कपड्यांसारखं जे अस्तर आज निम्म्या परफ्यूमना असतं, ते इथे नाही. मी तो घेतला फक्त वाळ्यासाठी.

आणि "पुरुषी" हा शब्द या परफ्यूमबद्दल वाचायलाही मला नको वाटतो. वाळा म्हणजे गवत, त्याच्या मुळांतून तेल काढतात, आणि जगातल्या तेलाचा मोठा वाटा हैतीहून येतो. त्या मुळात पुरुषाचं काय आहे? संत्र्याच्या सालीत काय आहे? फळीवरची पाटी बघून मागे फिरणाऱ्या बायकांनी एकदा हातावर लावून बघावा, एवढीच माझी विनंती आहे.

फवारायच्या दिवसांत शेजारच्या टेबलावरची मुलगी मला म्हणाली होती, "तू आलीस हे लिफ्टपाशीच कळतं." नंतर ओळख वाढल्यावर तिने सांगितलं की सुरुवातीला मी तिला फार कडक वाटले होते आणि त्यात त्या वासाचाही वाटा होता. बोटाने लावायला लागल्यानंतर एका वयाने मोठ्या सहकाऱ्यांनी अगदी आपणहून म्हटलं, "तुमचा परफ्यूम तुमच्यासारखाच आहे, शांत, नीटनेटका." मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, शांत हे विशेषण माझ्यासाठी कुणी वापरणार नाही. मी तीच, परफ्यूम तोच, आणि दोन माणसांनी दोन वेगळ्या बायका पाहिल्या. फरक होता तो किती लावला आणि किती लांबपर्यंत गेला याचा.

म्हणून माझं आजचं मत असं आहे की माणसाचा स्वभाव तो कोणता परफ्यूम लावतो यापेक्षा किती लावतो यात जास्त दिसतो. समोरच्याला किती जागा द्यायची, बंद खोलीत दुसऱ्याच्या नाकाचा विचार करायचा की नाही, हे त्या बटणावरच्या बोटात ठरतं. संत्रं आणि देवदार त्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

यात एक खरी अडचण आहे, आणि तेरच्या बाबतीत ती जास्तच आहे. लावणाऱ्याला स्वतःला वास येणं लवकर थांबतं. नाक सततच्या वासाला सरावतं, हे सगळ्याच परफ्यूमचं होतं. पण तेरमध्ये आयसो ई सुपर हे लाकडासारख्या वासाचं कृत्रिम द्रव्य मोठ्या प्रमाणात आहे आणि त्याची गंमत अशी की ते मधूनच जाणवतं, मधूनच पार नाहीसं होतं. काहींना तर ते नीट जाणवतच नाही. (2006 मध्येच गेझा शोन या परफ्यूमरने नुसत्या याच द्रव्याचा मॉलिक्यूल 01 नावाचा परफ्यूम काढला. तो लावणाऱ्यांचीही हीच कहाणी: मला काही येत नाही, पण लोक विचारतात.) "तेर दोन तासांत उडतो" ही तक्रार मी इतक्यांदा वाचली आहे, आणि मला ती बरीचशी खोटी वाटते. उडत नाही, तुम्हाला यायचा थांबतो. मग माणूस दुपारी पुन्हा फवारतो, संध्याकाळी पुन्हा, आणि आजूबाजूचे बिचारे तोंडावर काही बोलत नाहीत. सकाळी परफ्यूम लावलेला स्कार्फ कपाटाबाहेर टांगून ठेवा, बाहेर जाऊन या आणि मग हुंगा. किंवा घरच्या कुणाला हाताच्या अंतरावरून विचारा. माझ्या नवऱ्याने दुपार उलटल्यावरही वाळा बरोबर ओळखला, तेव्हा मला स्वतःला काहीही येत नव्हतं.

"प्रत्येकाच्या त्वचेवर वेगळा लागतो" हे वाक्य मला पूर्वी विकणाऱ्यांची पळवाट वाटायचं. त्याबद्दलचं माझं मत मात्र मऊ झालंय. प्रागमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात माणसांनी एका काखेत स्वतः निवडलेला परफ्यूम लावला आणि दुसऱ्या काखेत प्रयोगकर्त्यांनी दिलेला. हुंगणाऱ्यांना अंगच्या वासात मिसळलेला स्वतःच्या निवडीचा परफ्यूम जास्त बरा वाटला, जरी नुसते परफ्यूम हुंगताना तसा फरक पडला नव्हता. म्हणजे आपण निवडतो तेव्हा नकळत आपल्या अंगाच्या वासाला जुळणारं निवडत असतो. चार प्रश्नांच्या चाचणीत हे कसं येणार? त्यासाठी परफ्यूम अंगावर घेऊन दिवस काढावा लागतो. कागदाच्या पट्टीवर तेर मला कडवट वाटला होता, अंगावर तो तसा नाही.

दुसरा प्रयोग मला याहून आवडतो. ब्रिटनमधला, 2009 चा. काही पुरुषांना सुगंधी डिओडरंट दिलं, काहींना बिनवासाचं. वास असलेलं लावणाऱ्यांचा आत्मविश्वास इतरांपेक्षा जास्त निघाला. पुढे त्यांचे आवाज नसलेले व्हिडिओ बायकांना दाखवले तर त्यांना तेच जास्त आकर्षक वाटले, आणि व्हिडिओतून वास तर येत नाही! बदलली होती ती त्यांची वागण्याची, बसण्याउठण्याची ढब. मला हे तंतोतंत पटतं. अवघड मीटिंगला जाताना मनगटावर थेंबभर तेर असला की माझ्या बोलण्याचा वेग जरा कमी होतो, वाक्यं पुरी होतात. वासाने माझा स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही. पण मला त्या दिवशी कसं वागायचंय याची आठवण तो देत राहतो, आणि एखाद्या परफ्यूमने याहून जास्त काय करावं?

दोष सांगायचाच तर उकाडा. घामात बोटाने लावलेला तेर जड होतो, वाळ्याची माती पुढे येते आणि संत्र्याचा तजेला हवाहवासा वाटतो. तेव्हा मी फवाऱ्याकडे परतते, पण एकच दाब, तोही कपड्यावर. थंडीत बोटच बरं. तेरची 2009 ची, "परफ्यूम" नावाची आवृत्ती मी थोडी वापरली आहे. ती जास्त दाट आणि लाकडी आहे, माझ्यासाठी मोकळेपणा गेला. तेरचीच 2018 ची आवृत्ती ओ आँतांस व्हेतिव्हेर (व्हेतिव्हेर म्हणजे वाळा) ही एलेनांनंतर एर्मेसच्या परफ्यूमर झालेल्या क्रिस्तीन नाजेल यांची. वाळ्यासाठीच येणाऱ्यांनी ती आधी बघावी, माझं मन मात्र ईडीटीवरच आहे, कारण ईडीटीत ती दगडी बाजू जास्त आहे.

गोड, व्हॅनिलाचं, आल्याआल्या कौतुक मिळवून देणारं काही हवं असेल तर हा घेऊ नका, निराश व्हाल. ज्यांना घ्यायचाय त्यांनी आधी 2 मिलीचा नमुना मिळवा, अर्धा फवारून वापरा आणि अर्धा थेंबाथेंबाने, वेगवेगळ्या दिवशी. आणि कसा वाटतो हे स्वतःच्या नाकापेक्षा रोज तुमच्या शेजारी बसणाऱ्या माणसाला विचारा, तेही दुपारनंतर.